नदीचा अर्धा तास

“वैनी, तुमची ती नदी म्हणजे काय सांगू! आमच्या सासूबाई रोज संध्याकाळी सातला टीव्हीपुढं बसतात आणि साडेसातला तिथंच डुलक्या काढतात. काय ते निळंशार पाणी! बघूनच जिवाला गार वाटतं बघा.”

पिठाच्या गिरणीत रांगेत उभ्या असलेल्या वृषाली लाटकरनं हातातला ज्वारीचा डबा खाली ठेवला. बोलणारी तिच्याच गल्लीतली उज्ज्वला टारे होती, आणि ती काही टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर वृषालीला बरं वाटलं असतं.

“निळंशार?” तिनं विचारलं.

“मग काय तर! आणि ते बगळे! कुठं जाऊन काढता ओ एवढं छान?”

आता हे जरा नीट सांगायला हवं. चिंचणोली हे हिरणा नदीकाठचं यंत्रमागांचं गाव. ही गोष्ट अजून घडायची आहे, पण त्यासाठी फार वर्षं थांबावं लागेल असं काही नाही. गावात कापड विणलं जातं, आणि नदीच्या वरच्या अंगाला सात प्रोसेस आहेत, म्हणजे ते कापड धुऊन रंगवून देणारे कारखाने. त्यांचं पाणी कुठं जातं हे चिंचणोलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण निम्मं गाव प्रोसेसला कामाला असल्यामुळं त्यावर कुणी तोंड उघडत नाही. येत्या सव्वीस तारखेला आठव्या प्रोसेसच्या परवानगीसाठी लोकसुनावणी होती. मागच्या सुनावणीला मोजून बारा माणसं आली होती, आणि त्यातली नऊ प्रोसेसनंच पाठवलेली.

गावाला जागं करायचं म्हणून तिघंजण हात धुऊन मागं लागले होते. एक वृषाली. पुण्यात पंधरा वर्षं मालिकांचं संकलन करून, नवरा गेल्यावर मुलीला घेऊन गावी परतलेली. दुसरे दस्तगीरचाचा जमादार. तरुणपणी सिनेमाचे बॅनर रंगवायचे, साठीला येऊन कॅमेरा हातात घेतलेला. तिसरे चौगुलेकाका, गावातल्या केबलचे मालक. त्यांनी आपला सत्त्याऐंशी नंबरचा चॅनल या दोघांना मोकळा सोडला होता. चॅनलचं नाव ‘खिडकी’. बातम्या नाहीत, चर्चा नाहीत. कधी तासभर एकच माग चालताना, कधी दस्तगीरचाचा काचेवर चित्र काढताना. आणि गेले अकरा आठवडे रोज संध्याकाळी सात ते साडेसात, जॅकवेलच्या, म्हणजे गावाचं पिण्याचं पाणी उपसणाऱ्या विहिरीच्या, वरच्या वळणावरून थेट प्रक्षेपण. निवेदन नाही, संगीत नाही. फक्त नदी. काळी, फेसाळ, तवंग आलेली, जशी आहे तशी.

“बोलून बोलून लोकांचे कान किटलेत,” दस्तगीरचाचा म्हणाले होते. “आपण तोंड बंद ठेवायचं. हेच पाणी आपण पितोय हे रोज अर्धा तास बघू दे त्यांना. किती दिवस गप बसतील?”

अकरा आठवडे गाव गप बसलं होतं. गावाला काळीजच नाही, असं वृषाली अलीकडं उठता बसता म्हणायला लागली होती.

दळण तसंच टाकून त्या संध्याकाळी ती उज्ज्वलाच्या घरी गेली. पावणेसात वाजले होते. सासूबाई जागा धरून बसल्या होत्या. सात वाजले, ‘खिडकी’ची अक्षरं आली आणि गेली, आणि पडद्यावर नदी आली. संथ, निळी, कडेनं हिरवीगार लव्हाळी, आणि काठावर एका पायावर उभे दोन पांढरेशुभ्र बगळे.

वृषालीनं तिथूनच दस्तगीरचाचांना फोन लावला. ते त्या घटकेला नदीवर कॅमेऱ्यामागं उभे होते.

“चाचा, तुमच्या समोर बगळा आहे का?”

“बगळा? अगं, इथं कावळा फिरकत नाही. नाकाला रुमाल लावून उभा आहे मी. का गं?”

“काही नाही. या तुम्ही. लगेच चौगुलेकाकांकडं या.”

अकरा आठवडे! आणि चूक कुणाची म्हणाल, तर या तिघांचीच. दिवसभर चॅनल चालवणाऱ्या या माणसांपैकी वृषालीच्या घरी टीव्ही नव्हता. त्यात बघण्यासारखं काय असतं ते मला माहीत आहे, असं ती ऐटीत सांगायची. दस्तगीरचाचांनी आपला संच बहिणीला देऊन टाकला होता. चौगुलेकाकांकडं होता, पण तो राजमतीकाकूंच्या ताब्यात, आणि सात वाजता काकू मालिकेत. तिघंही रोज प्रक्षेपण बघायचे ते कॅमेऱ्यातून नाहीतर कंट्रोल रूमच्या मॉनिटरवर, म्हणजे बाहेर पडायच्या आधीचं. आपलं चित्र लोकांच्या घरी पोचल्यावर कसं दिसतं हे एकदाही कुणी जाऊन पाहिलं नव्हतं.

*

चौगुलेकाका आधी चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं हे. माझीच चूक.”

“काका, चूक कुणाची ते मागनं ठरवू. हे बगळे कुठून आले ते सांगा.”

“संचातनं आले.”

काकांनी जे सांगितलं ते असं. जुना टीव्ही म्हणजे ठिपक्यांचा खेळ. इथं जेवढे ठिपके टिपायचे, तेवढे तारेतून पाठवायचे आणि तिकडं पुन्हा मांडायचे. चित्र जेवढं स्वच्छ तेवढे ठिपके जास्त, आणि तार तर तेवढीच. त्यात घराघरात चार चार पडदे झाले, आणि तारा पुरेनात. मग चार वर्षांपूर्वी ‘नवचित्र’ संच आले. या पद्धतीत इथून चित्र जातच नाही. चित्राचं वर्णन जातं. नदी, संध्याकाळ, पाणी गडद, प्रवाह डावीकडून उजवीकडं, काठावर गवत. एवढंच, चिमूटभर. घरचा संच हे वर्णन वाचतो आणि चित्र तिथल्या तिथं नव्यानं रंगवतो. जगातली कोट्यवधी चित्रं बघून तो शिकलेला असतो, त्यामुळं नदी म्हटलं की त्याच्या स्मरणात ज्या नद्या जास्त आहेत तशी तो काढतो. हजारपट कमी खर्चात हजारपट सुरेख चित्र.

“पण काळं पाणी काळं का नाही काढत?”

“कारण तसं त्यानं फारसं पाहिलेलं नाही. लोक काय सुंदर नद्यांचेच फोटो काढून ठेवतात. जे क्वचित दिसतं ते त्याला चूक वाटतं. भिंगावरची घाण, नाहीतर तारेतला बिघाड. ती चूक तो दुरुस्त करतो. कुणी मुद्दाम करत नाही हो हे. कंपनीला हिरणा नदी कुठं आहे तेही माहीत नसेल.”

“म्हणजे शिव्या घालायला पण कुणी नाही,” दस्तगीरचाचा म्हणाले.

वृषाली येरझाऱ्या घालत होती. गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. सुनावणीला सतरा दिवस उरले होते.

*

पुढचे सहा दिवस त्यांनी जंग जंग पछाडलं. पाणी बाटलीत भरून दाखवलं, तर घरोघरी सरबत दिसलं. वृषाली स्वतः कॅमेऱ्यापुढं उभी राहून ओरडून सांगायला लागली, “पाणी काळं आहे हो, काळं!” दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या बाईनं तिला हसत विचारलं, “ताई, काल तुम्ही काळं काळं म्हणत होता, आणि मागं तर एवढं झकास निळं दिसत होतं. काय नाटक होतं काय ते?” शेवटी दस्तगीरचाचांनी कुंचला नदीत बुडवला आणि त्या गाळानंच कागदावर चित्र रंगवलं. चाळीस वर्षांचा हात तो. मेलेला मासा, त्याचा उघडा डोळा. मॉनिटरवर ते अगदी तसंच दिसलं. बहिणीच्या घरी जाऊन बघितलं, तर पडद्यावर कमळं.

“माझं चित्र दुरुस्त करतंय व्हय ते डबडं?” दस्तगीरचाचांचा आवाज अख्ख्या गल्लीनं ऐकला. “मला शिकवतंय? बॅनर आडवा रंगवायचा असतो का उभा, तेवढं तरी ठाऊक आहे का त्याला?”

सातव्या दिवशी दुपारी त्यांनी जॅकवेलजवळच्या सार्वजनिक नळावर पाणी भरणाऱ्या बायकांचं चित्रण सोडलं. राजमतीकाकूही त्यात होत्या, देवळातून येताना सहज थांबलेल्या. या वेळी तिघंही काकांच्या घरी, काकूंच्या शेजारी बसून बघत होते. रांगेतल्या बायका एकजात उजळ, टवटवीत. मग काकू आल्या. उन्हामुळं त्यांनी पदर मागं सारला, आणि त्यांच्या मानेवर कानापासून खांद्यापर्यंत तांबूस काळा चट्टा दिसला. खरखरीत, कडा वर आलेला, अगदी स्पष्ट.

काकूंनी झटकन पदर ओढून घेतला. पडद्यावरच्या नव्हे, सोफ्यावर बसलेल्या काकूंनी.

“बंद करा ते,” त्या म्हणाल्या.

टीव्ही बंद झाला. मग चौगुलेकाका हळू आवाजात म्हणाले, “दीड वर्ष झालं. महारोग आहे म्हणतील म्हणून कुणाला बोललो नाही. सांगलीला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, पाण्यातनं काहीतरी जातंय पोटात.”

“पण काकूंचा चट्टा दिसला कसा?” वृषालीनं विचारलं. विचारताना तिचा आवाज चिरकला. त्याला कारण होतं.

काका जे बोलले ते बायकोकडं न बघता बोलले. संच नवीन आले तेव्हा एक भानगड झाली होती. परगावच्या मुलानं व्हिडिओ कॉल केला, की संच मुलाचा चेहरासुद्धा वर्णनावरून काढायचा, आणि तो भलताच देखणा निघायचा. आया रडायला लागल्या, हा माझा मुलगाच नव्हे म्हणून. मग कंपनीनं प्रत्येक संचात एक घरकोश ठेवला. त्या घरातल्या माणसांचे चेहरे तीळ न् तीळ जसेच्या तसे साठवलेले, रोज नव्यानं ताडून पाहिलेले. घरची माणसं संच हुबेहूब दाखवतो. बाकीचं जग तो रंगवतो.

“म्हणजे,” दस्तगीरचाचा म्हणाले, “राजमतीवहिनींचा चट्टा फक्त या घरात दिसला. बाकी सगळ्या गावात नितळ मान.”

“हो.”

“आणि रांगेतल्या दुसऱ्या बायकांपैकी कुणाला असला तर?”

“तर तो फक्त तिच्या घरी दिसला असेल.”

वृषाली उठली. काम आहे म्हणाली आणि चपला घालून चालू लागली. तिचं काम म्हणजे तिची चोवीस वर्षांची मुलगी कस्तुरी. हायस्कुलात खेळाच्या बाई असलेली. गेलं वर्षभर भर उन्हात मैदानावरही गळ्याला स्कार्फ बांधून शिट्टी वाजवणारी.

*

कस्तुरीचं लग्न ठरलं होतं. बेळगावचे गुळेदगुड्ड, माणसं चांगली, मुलगा अमोघ पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. दोघं एकदाच भेटली होती, डिसेंबरच्या थंडीत, स्वेटर आणि स्कार्फमध्ये. बाकी सगळं पडद्यावर. फोन वृषालीच्या घरून लागायचा आणि तिकडं ते सगळे दिवाणखान्यात संचासमोर बसायचे. पहिल्याच वेळी अमोघची आई, सरोजिनीबाई, म्हणाल्या होत्या, “मुलीची कांती काय सुरेख आहे हो! आमच्याकडच्या पाण्यात हे नाही.”

त्या दिवशी कस्तुरीच्या गळ्यात स्कार्फ नव्हता. मान उघडी होती, आणि चट्टा उघडा होता. वृषालीला वाटलं होतं की बाई मनानं मोठ्या आहेत, बघूनही बोलल्या नाहीत. आज तिला कळलं की बाईंनी तो पाहिलेलाच नव्हता.

घरी कस्तुरी व्हॉलीबॉलची जाळी शिवत बसली होती. वृषालीनं सगळं एका दमात सांगून टाकलं. बगळे, वर्णन, घरकोश, काकूंची मान.

“म्हणजे त्यांना माहीतच नाही?” कस्तुरीनं विचारलं.

“नाही.”

“मग सांग.”

“सांगू की. सांगायचं नाही असं कुठं म्हणतेय मी? पण जरा लग्न होऊ दे. सहा आठवडे राहिलेत. मग काय, औषधपाणी करू. तिकडचं पाणी चांगलं आहे, जाईलही तो.”

कस्तुरीनं सुई जाळीत खोचून ठेवली. “आई, तू अकरा आठवडे त्या नदीपायी जीव टाकलास. सगळ्या गावाला म्हणतेस डोळे उघडा. आणि मला स्कार्फ कुणी आणून दिला? तू. किती आणलेस? आठ. रंगीबेरंगी. प्रत्येक ड्रेसवर जुळणारा.”

“अगं, लोक काय म्हणतील...”

“लोक काय म्हणणार? लोकांना वाटतं फक्त त्यांच्याच घरात आहे. काकूंना वाटतंय, तुला वाटतंय. माझ्या वर्गात एकोणीस मुली स्कार्फ बांधून येतात. मला वाटायचं फॅशन आहे.”

वृषालीला राग आला. मुलीचा आला, स्वतःचा आला, दूर कुठल्यातरी शहरात बसून बगळे काढायला शिकवणाऱ्या इंजिनिअरांचा आला. ती स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच कुकर लावायला घेतला. तांदूळ निवडताना तिचं लक्ष आपल्या मनगटाकडं गेलं. बांगड्यांच्या खाली, घड्याळाच्या पट्ट्यामागं, गेल्या तीन महिन्यांपासून एक तांबूस वण होता. तिनं तो घड्याळाचा म्हणून सोडून दिला होता.

ती बाहेर आली तेव्हा डोळे भरून आले होते. “माझं चुकलं,” ती म्हणाली. “तुझं लग्न मोडेल म्हणून मी भ्याले. अजूनही भीतेच आहे.”

“भी की,” कस्तुरी म्हणाली. “मी पण भीतेय. पण मला तुमच्या त्या खिडकीत उभं कर.”

*

युक्ती दस्तगीरचाचांची. त्यांचं लहानपण एका टीव्हीच्या गल्लीत गेलेलं. गल्लीत एकच संच, मोमीन मास्तरांच्या घरी. रविवारी संध्याकाळी साठ माणसं त्यांच्या दिवाणखान्यात, खिडकीच्या गजांना लोंबकळून पंधरा. पुढं लहान, मागं मोठे, दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि घरी जाताना कुणाच्या तरी पायात कुणाच्या तरी चपला.

“संच ज्याचं त्याचंच खरं दाखवतोय ना?” ते कस्तुरीला म्हणाले. “दाखवू दे. आपण माणसंच बदलायची. तू उज्ज्वलाच्या घरी जाऊन बस. पडद्यावर तुझी मान नितळ दिसणार, आणि पडद्याशेजारी तू. खरीखुरी, स्कार्फ काढून. बघणारा एकदा इकडं बघेल, एकदा तिकडं. मग कितीही बगळे काढू दे त्या डबड्याला!”

चौगुलेकाकांनी टाळीच वाजवली. मग म्हणाले, “पण शेजाऱ्याच्या घरी जातंय कोण हल्ली?”

कुणी नाही, हे तिघांनाही माहीत होतं. तरी काम सुरू झालं. दस्तगीरचाचांच्या जुन्या बॅनरच्या गोदामात कॅमेरा लावला. पहिली कस्तुरी उभी राहिली. चाळीस सेकंद. नाव, गल्ली, आणि स्कार्फ सोडून दाखवलेला चट्टा. दुसऱ्या राजमतीकाकू. चौगुलेकाकांनी त्यांना नको नको म्हटलं, तर म्हणाल्या, “दीड वर्ष तुमचं ऐकलं.” मग कस्तुरीच्या वर्गातल्या तीन मुली आपल्या आयांना घेऊन आल्या. मग प्रोसेसमधला एक रंगारी आला, दोन्ही तळवे पुढं करून. माणसं गोदामाच्या दारात एकमेकांना बघून दचकायची, आणि मग तिथंच बोलत उभी राहायची. बावीस तारखेपर्यंत त्रेचाळीस चेहरे झाले.

प्रक्षेपण पंचवीस तारखेला, सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी, सातला. आधीचे तीन दिवस ‘खिडकी’वर एकच सूचना फिरत होती. ‘पंचवीसला आपला टीव्ही बंद करा. शेजारी जाऊन बघा.’ लोकांनी थट्टा केली. गिरणीत कुणीतरी म्हणालं, “आता चॅनलवालेच सांगतात टीव्ही बंद करा म्हणून. चॅनलला भिकेचे डोहाळे लागलेत.”

पंचवीसला दुपारी कस्तुरी बॅग घेऊन निघाली. “मी पण शेजारी चाललेय,” एवढंच म्हणाली. उज्ज्वलाकडं जात असेल असं वृषालीला वाटलं. बॅग कशाला, हे विचारायचं तिच्या डोक्यात आलं नाही. तिचं डोकंच ठिकाणावर नव्हतं.

*

कंट्रोल रूममध्ये चौगुलेकाकांच्या टेबलावर एक आकडा सतत बदलत असायचा. गावात त्या घटकेला चालू असलेले संच. रोज संध्याकाळी साडेसहाला तो सहा हजारांच्या वर असायचा. आज पावणेसातला सहा हजार दोनशे होता.

सातला दहा मिनिटं कमी असताना तो उतरायला लागला. पाच हजार आठशे. पाच हजार. चार हजार सहाशे.

आयुष्यभर वृषालीनं आकडे चढले की आनंद मानला होता आणि पडले की जेवण सोडलं होतं. “बंद करून बसले,” ती म्हणाली. “घाबरले लोक. प्रोसेसवाल्यांनी निरोप फिरवला असणार.”

“अगं बाई, आपणच तर सांगितलं, टीव्ही बंद करा म्हणून!” दस्तगीरचाचा म्हणाले.

“बंद करून शेजारी गेले का बंद करून कड्या लावून बसले, कसं कळणार?”

हे मात्र खरं होतं. आकड्यावरून ते कळत नव्हतं. सात वाजता तीन हजार शंभर संच चालू होते. अक्षरं आली आणि गेली, आणि मॉनिटरवर कस्तुरी आली, स्कार्फची गाठ सोडत. आकडा आणखी खाली गेला.

“मी जाऊन बघते,” वृषाली म्हणाली.

“आता? प्रक्षेपण चालू आहे.”

“अकरा आठवडे इथंच बसून बघितलं, चाचा. काय झालं त्याचं?”

ती जिना उतरून रस्त्यावर आली. पेठेत शुकशुकाट होता. पहिल्या चार घरांना कुलपं. पाचव्यालाही कुलूप. ती जवळजवळ पळत होती. कुंभार गल्लीच्या कोपऱ्यावर ती वळली आणि थबकली.

कोपऱ्यावरच्या घराबाहेर चपला पडल्या होत्या. पायरीवर, पायरीखाली, गटाराच्या फरशीवर. लेडीज, जेंट्स, शाळेचे बूट, एक जोड प्रोसेसमध्ये घालतात तसले रबरी गमबूट. वीस पंचवीस जोड तरी असतील. पलीकडच्या घराला कुलूप, आणि त्याच्या पलीकडच्या दारात पुन्हा चपला. आतून आवाज येत होते. कुणीतरी म्हणत होतं, “अहो, तिकडं नका बघू, हिच्याकडं बघा, हिच्याकडं!” एक म्हातारी रडत होती. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “माझा पण बघा. सदऱ्याच्या आत आहे, थांबा.”

वृषाली भिंतीला टेकली. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. तिनं दोन्ही येऊ दिलं.

आपल्या गल्लीत पोचेपर्यंत तिनं अकरा घरांच्या चपला पाहिल्या. उज्ज्वलाच्या दारातही ढीग होता. कस्तुरीच्या चपला काही दिसेनात. ती वाकून शोधत असतानाच फोन वाजला. बेळगावहून. सरोजिनीबाई.

“वृषालीताई,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. “तुमची कस्तुरी आमच्याकडं आलीय. चारच्या गाडीनं. तुमच्या केबलवाल्या काकांकडून चॅनलची जोडणी पण मागून आणली तिनं. आल्या आल्या आमच्या टीव्हीशेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, सातपर्यंत मला काही विचारू नका.”

चपला बाजूला सारून वृषाली पायरीवर बसली.

“पडद्यावर तिची मान नितळ आहे,” सरोजिनीबाई सांगत होत्या. “तीच, जी आम्ही चार महिने बघतोय. आणि इथं खुर्चीवर...” त्यांचा आवाज दबला. “मी एकदा इकडं बघतेय, एकदा तिकडं. तुम्हाला हे माहीत होतं?”

खोटं बोलायला एकच शब्द पुरला असता. वृषालीच्या तोंडात तो आलाही होता.

“चट्टा माहीत होता,” ती म्हणाली. “तुम्हाला तो दिसत नाही, हे आठ-नऊ दिवसांपूर्वी कळलं. सांगितलं नाही. लग्न मोडेल म्हणून भ्याले.”

पलीकडं टीव्हीचा आवाज येत होता. आपल्याच गोदामात चित्रित झालेला तो रंगारी आपलं नाव सांगत होता.

“अमोघ तिला पाण्याचं काहीबाही विचारतोय,” सरोजिनीबाई शेवटी म्हणाल्या. “उद्याच्या तुमच्या सुनावणीला येतो म्हणतोय, खात्यातून कसले कागद घेऊन. पोरीला मी जेवायला बसवतेय. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती सांगायला आली. तुमच्याशी मात्र मला बोलायचंय, ताई. पडद्यावर नाही. तुम्ही या इकडं, समोर बसा.”

“येते,” वृषाली म्हणाली. “उद्याची सुनावणी झाली की येते.”

फोन ठेवून ती उठली. आत उज्ज्वलाच्या सासूबाई कुणाला तरी विचारत होत्या, “नदी कधी लागायची गं?” आणि उज्ज्वला म्हणत होती, “आज नदी नाही, आत्या. आज आपलीच माणसं आहेत.”

वृषालीनं मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि पिशवीत टाकलं. बांगड्या वर सारल्या. चपला काढून ढिगाच्या कडेला ठेवल्या आणि ती आत गेली.